बॉडी उतरवताना

मोटारगाडीच्या आर.सी. बुकात मालकाच्या नावाबरोबर दोन क्रमांक छापलेले असतात. एक इंजिनाचा, दुसरा चॅसीचा. गाडीच्या रंगावरून आपण घरात आठवडाभर वाद घालतो, सीट कव्हरे निवडायला सहकुटुंब जातो. पण हे दोन क्रमांक गाडी विकायची वेळ येईपर्यंत कुणी वाचत नाही. कायद्याच्या आणि बँकेच्या लेखी मात्र गाडी म्हणजे हेच क्रमांक. त्यातले इंजिन एक वेळ बदलता येते. रीतसर परवानगी घेऊन तशी नोंद करून घेता येते. चॅसी बदलली तर ती गाडीच दुसरी होते.

ऐंशीच्या दशकात मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना जीपसाठी कर्ज मागणारे पुष्कळ येत. खेड्यापाड्यातून माणसे भरून आणणाऱ्या जीपला तिकडे ‘वडाप’ म्हणतात. तपासणीला गेलो की चॅसीवर कोरलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासायची आणि उमटलेला ठसा कर्जाच्या फायलीत लावायचा, ही पद्धत. एका जीपचे आकडे मला वाजवीपेक्षा ताजे वाटले. आजूबाजूचे लोखंड म्हातारे आणि आकडे तेवढे कालच ठोकल्यासारखे. मी कर्ज नामंजूर केले. अर्जदार महिनाभर माझ्याशी बोलला नाही, आणि गाव लहान असल्यामुळे ते जाणवले. असो.

हा सगळा इतिहास आठवण्याचे कारण आमच्या मीरा रोडच्या सोसायटीतल्या वहिनी. त्यांचे सासरे डॉक्टर होते. वाडा-जव्हारच्या बाजूला त्यांनी सारी हयात काढली. १९६९ साली घेतलेली महिंद्राची जीप त्यांच्यामागे पंधराएक वर्षे गोठ्याशेजारच्या पडवीत उभी होती. दोन्ही दिरांचे मत भंगारवाल्याला बोलवावे असे. वहिनींनी ती ट्रकवर घालून काशिमिऱ्याला आणवली आणि मला म्हणाल्या, “भावजी, तुम्ही बँकेत होतात. मिस्त्री काय सांगतो ते मला नीट समजेल असं विचारून द्या.” बँकेतल्या माणसाला मोटारीतले कळते, हा समज मी खोडून काढला नाही.

मिस्त्रीने जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली झोपून हातोडीने इथेतिथे ठोकून पाहिले आणि सांगितले, “बाई, वरवर रंग मारून देतो, दिवाळीला फोटो छान येतील. खरं काम करायचं असेल तर बॉडी उतरवावी लागेल.”

बॉडी उतरवणे म्हणजे काय, हे समजायला मोटारीची शरीररचना थोडी पाहावी लागते. जुन्या मोटारी घोडागाडीच्या वंशातल्या. खाली दोन लांब लोखंडी पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे दांडे, म्हणजे दिसायला शिडीच. हीच चॅसी. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, चाके सगळी हिला लटकलेली. वरची बॉडी म्हणजे बसण्याची पेटी. ती बोल्टांनी या शिडीवर आवळलेली. बोल्ट काढले की पेटी वेगळी आणि शिडी वेगळी.

आपल्या पिढीच्या मनात घर करून बसलेल्या बहुतेक गाड्या मात्र अशा नाहीत. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११००, म्हणजे पन्नाशीतल्या ‘डुक्कर फियाट’पासून २००० च्या सुमारास बंद झालेल्या पद्मिनीपर्यंत, सगळी एकसंध पत्र्याची. अॅम्बॅसॅडरही तशीच. यांत वेगळी शिडी नाही. छत, खांब, जमीन आणि बाजूचे पत्रे मिळूनच भार उचलतात. अंड्याला हाडे नसतात, तसे. मिस्त्रीकडे महिन्या-दोन महिन्यांतून कुणीतरी वडिलांची फियाट घेऊन येतो आणि “बॉडी उतरवून करा” म्हणतो. कुठूनतरी ऐकलेले असते. त्याला समजावता समजावता मिस्त्रीचा चहा थंड होतो. फियाटचा सडलेला पत्रा जागच्या जागी कापून नवा जोडावा लागतो. उतरवण्यासारखे तिथे काही नाही.

शिडीवाल्या गाड्या आपल्याकडे मुंबईतच मुबलक जोडल्या गेल्या. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला सुटे भाग जोडून मोटारी बनवायला सुरुवात केली होती. कुर्ल्याला प्रीमिअरने फियाटच्या आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या. मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड हा एक गमतीदार अपवाद. मूळच्या इंग्लंडच्या या गाडीची बॉडी एकसंध करून देणारा मोठा पुरवठादार प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेला, तेव्हा १९५९ साली कंपनीने सुट्या तुकड्यांची, बोल्टांनी जोडलेली बॉडी जुन्या पद्धतीच्या चॅसीवर बसवली. जग पुढे निघाले असताना अडचणीमुळे मागे गेलेली गाडी. पण आज दुरुस्त करणाऱ्याला तीच सोयीची पडते.

आणि जीप. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. मुंबईत १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी निघाली होती. भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीच्या नावात दोन्हीकडे महिंद्र आले. १९४७ पासून या कंपनीने विलीजच्या जीपा इथे जोडायला घेतल्या. माझगावचे ते काम पुढे देशभर पसरले. डॉक्टरांची जीप त्याच घराण्यातली, सीजे-थ्रीबी. हिचे इंजिन जास्त उंच, म्हणून बॉनेटही उंच. मूळच्या लढाईतल्या जीपच्या मानाने हिचे कपाळ मोठे दिसते. पेट्रोलची टाकी चालवणाऱ्याच्या सीटखाली. हे ऐकल्यापासून वहिनींना सासऱ्यांच्या विडीची काळजी पूर्वलक्षी प्रभावाने लागली आहे.

आता उतरवण्याचे काम. ते मी चांगले चार-पाच शनिवार बसून पाहिले. पहिला पूर्ण दिवस मिस्त्रीने एकही बोल्ट सोडला नाही. मोबाइलवर फोटो काढले, प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून तिच्यावर आकडा घातला, आणि दुकानातून पॉलिथीनच्या पिशव्यांची थप्पी आणवली. एका जोडाचे बोल्ट, वॉशर आणि नट एका पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. “उतरवायला आठवडा लागतो साहेब. चढवायच्या वेळेपर्यंत पाऊस जातो, पोरगा गावी जातो, माणूस विसरतो.” अशा पोत्यात भरून ठेवलेल्या अर्धवट गाड्या काशिमिऱ्याच्या गॅरेजांच्या मागच्या बाजूला किती तरी आहेत. हौसेने सोडलेल्या, पण पुन्हा न जोडलेल्या.

मग गंजलेल्या बोल्टांना डिझेल पाजणे. दोन-तीन दिवस रोज. तरीही काहींच्या मानगुटी मोडतात. मग गॅसच्या ज्योतीने लाल करून सोडवावे लागतात. त्यानंतर बॉडीला चॅसीशी बांधणाऱ्या बाकीच्या नाड्या तोडायच्या: वायरिंग, पेट्रोलची नळी, स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेक, चोक, स्टेअरिंगचा दांडा. जीपचे पेडल आणि गिअरचे दांडे चॅसीकडून जमिनीच्या पत्र्यातून वर आलेले असतात, ते मोकळे करायचे. यातली एक तार विसरली तरी बॉडी उचलताना ती ताणते आणि काहीतरी फाडते.

सर्वांत शहाणपणाची गोष्ट मला पुढची वाटली. जीपला दारे नाहीत, बाजूला नुसता कापलेला उंबरा. त्यामुळे बॉडी उचलली की ती त्या जागी मुरडते. म्हणून उचलण्याआधी दोन्ही बाजूंच्या त्या उघड्या जागेत लोखंडी अँगल आडवे वेल्ड करून टाकले. मोडलेल्या हाताला फळी बांधतात तसे. शिवाय बॉडी आणि चॅसी यांच्यामध्ये प्रत्येक बोल्टाशी रबराचे आणि पत्र्याचे पातळ तुकडे असतात. कुठे दोन, कुठे तीन. त्यांची संख्या जागेवार लिहून ठेवली. कारखान्यात कुणीतरी ही बॉडी या चॅसीवर सपाट बसावी म्हणून ते घातलेले असतात. त्यांचा हिशेब हरवला की शेवटी बॉनेट एका बाजूला उघडेच राहते आणि दोष पेंटरच्या माथी जातो.

उचलायला आठ माणसे पुरली. त्यांतले तिघे शेजारच्या टायरवाल्याकडचे. वहिनींनी सकाळीच नारळ आणला होता.

बॉडी बाजूला टायरांवर ठेवली आणि पन्नास वर्षांनी चॅसीवर ऊन पडले. मागच्या बाजूचा आडवा दांडा पेन्सिलच्या टोकाने भोसकता येत होता. डाव्या पट्टीचा मागचा हातभर भागही गेलेला. चॅसीची पट्टी म्हणजे आडवी पन्हळ. तिच्यात चिखल बसतो, ओला राहतो. जिथे मजबुतीसाठी पत्र्यावर पत्रा जोडलेला असतो, तिथे दोन्हींच्या मध्ये गंज वाढतो आणि फुगून पत्रे दूर ढकलतो. लढाईच्या काळातल्या जीपांच्या जमिनीखाली तर पत्र्याच्या पन्हळीत लाकूड भरलेले असे. ते पाणी धरून ठेवायचे.

आणि आपली हवा. भाईंदरला आल्यापासून माझ्या खिडकीच्या कड्या मी तीनदा बदलल्या आहेत. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, आणि अजूनही रेल्वेतून दिसणारी मिठागरे. हवेतले मीठ ओल ओढून घेते, आणि खारट ओलीत लोखंड गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी लवकर गंजते. भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलची भांडी बनवणारे कारखाने ओळीने आहेत. न गंजणारे लोखंड बनवायला माणसांनी नेमकी ही जागा निवडावी, यात विनोद आहे की दूरदृष्टी, ते मला अजून उमगलेले नाही. मिस्त्रीपुरता याचा अर्थ एवढाच, की चॅसीला खड्याच्या झोताने घासून नवी कोरी केली की त्याच दिवशी प्रायमर बसलाच पाहिजे. रात्रभर उघडी राहिली तर सकाळी तिच्यावर तांबूस साय आलेली असते. म्हणून त्याने पावसाळ्यात चॅसी घासायला साफ नकार दिला. घासणारा पोरगा तोंडाला नुसता रुमाल बांधून उभा होता. त्याला नीट मुखवटा आणवून दिल्याखेरीज मी तिथून हललो नाही. ती धूळ फुप्फुसात कायमची बसते.

घासण्याआधी चॅसी वाकलेली नाही ना, ते बघायचे असते. ओळंबा सोडून चार कोपऱ्यांच्या खुणा जमिनीवर उतरवल्या आणि सुतळीने दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही सारखे भरले तर शिडी काटकोनात. भरले. डॉक्टरांनी गाडी कुठे आपटली नव्हती, किंवा आपटली असेल तर सरळ समोरून.

इथे खरा प्रश्न उभा राहिला. मिस्त्रीने सांगितले, दुसऱ्या एका भंगारातल्या जीपची चॅसी त्याच्याकडे आहे, अगदी टणटणीत. ती घेतली तर निम्म्या खर्चात आणि महिनाभरात काम होते. मूळची दुरुस्त करायची तर सडलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा वाकवून जोडावा लागेल, मागचा दांडा नवा करावा लागेल, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ती मुरडू नये म्हणून थोडे थोडे, थांबत थांबत करावे लागेल. “आणि नंबर?” मी विचारले. मिस्त्री हसला. नंबराचा तुकडा कापून तिकडे बसवणारे लोक असतात, तो म्हणाला. आपण ते काम करत नाही.

दोन्ही दीर दुसऱ्या चॅसीच्या बाजूचे होते. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते: आण्णा बसायचे ते वर, खालची पट्टी कुणी बघितली होती? गाडी म्हणजे ती हिरवी बॉडी, ती काच, मागचे ते बाक, ज्याच्यावर निजवून सर्पदंशाची माणसे आणली. मी त्यांना कलम सांगितले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ हेच सांगते, की निर्मात्याने दिलेला आणि आर.सी. बुकात नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करायचा नाही. दुसऱ्याची चॅसी घातली तर रस्त्यावर दिसेल ती डॉक्टरांची जीप आणि कागदावर असेल ती कुणाची तरी, कदाचित चोरीची. धाकटे दीर म्हणाले, “आण्णांची गाडी आम्ही चोरीची ठरवणार?” पुढे त्यांनी खर्चाचा तिसरा हिस्सा उचलला. बँकेत इतक्या लवकर वसुली मी कधी पाहिली नव्हती.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे होऊन गेलेल्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ अक्षरे असलेला खास क्रमांक मिळू शकतो. आधीची नोंदणी असेल तर जुना क्रमांक ठेवता येतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार, पुढच्या नूतनीकरणाचे पाच हजार, मुदत दहा वर्षे. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, अभ्यासासाठी, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. रोज भाजी आणायला नाही. आणि अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. चॅसीत, बॉडीच्या सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

बॉडी उतरवून तीच परत चढवली तर तो फेरफार नव्हे, दुरुस्ती, असे मी तरी त्या शब्दांवरून समजतो. अडचण वेगळीच निघाली. पेट्रोल परवडेना म्हणून डॉक्टरांनी ऐंशीच्या दशकात जीपला डिझेल इंजिन बसवले होते. त्या काळात महाराष्ट्रात असंख्य जीपांनी हेच केले. रीतसर परवानगी घेऊन, आर.सी. बुकात नोंद करून. म्हणजे कागद चोख, पण गाडी मूळ नाही. जुने पेट्रोल इंजिन शोधून बसवले तर ‘मूळ स्वरूप’ म्हणता येईल. मात्र ते इंजिन डॉक्टरांच्या गाडीचे नसेल, कुणा तिसऱ्याच जीपचे असेल.

मला हा नियम चांगल्या हेतूचा वाटतो. तो नसता तर जुन्या गाड्यांच्या नावाखाली काय काय रस्त्यावर आले असते. पण त्याच्या नजरेत गाडीचा जन्म तेवढा दिसतो, पुढचे आयुष्य नाही. कारखान्यातून निघाली त्या दिवशी जी होती, तीच खरी. वाड्याच्या घाटात पावसाळ्यातल्या रात्री जे इंजिन बाळंतिणीला घेऊन आले ते डिझेलचे होते, आणि वहिनींच्या लेखी मूळ इंजिन तेच. त्यांनी ‘व्हीए’ क्रमांकाचा नाद सोडला आणि साध्या नोंदणीचे नूतनीकरण करायचे ठरवले, दर पाच वर्षांनी तपासणीसह. मिस्त्रीला हे फारसे पटलेले नाही. त्याच्या मते गिऱ्हाईक तयार झालेल्या गाडीला बक्षीस मिळवून देत नसेल तर एवढा खटाटोप कशाला?

अशाच कामावर ज्यांना निघायचे आहे त्यांच्यासाठी एक रूक्ष गोष्ट सांगतो, कारण बोल्टाआधी ती सोडवावी लागते. गाडी दिवंगत माणसाच्या नावावर असेल तर वारसाच्या नावे ती करून घेण्याचा अर्ज वेगळा असतो, फॉर्म ३१. मृत्यूची खबर तीस दिवसांत द्यायची आणि अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. आपल्याकडे तेरावे झाले की चष्मा कुणाला, घड्याळ कुणाला हे ठरते, गाडी विसरतात. मग पंधरा वर्षांनी सगळ्या भावंडांच्या सह्या, दंड आणि फेऱ्या. वहिनींचे ते प्रकरण चॅसी घासण्याच्या आधी पूर्ण झाले, यात माझा थोडा हात आहे. आणि खर्च? तेवढ्यात एक नवी लहान गाडी आली असती. बँकेच्या भाषेत याला गुंतवणूक म्हणत नाहीत. मी वहिनींना तसे पहिल्याच दिवशी सांगितले होते, आणि त्यांनी ते ऐकून घेतले होते.

बॉडीचे काम चॅसीपेक्षा जास्त दिवस चालले. चुंबक फिरवून कुठे पत्रा आहे आणि कुठे जुन्या पेंटरने भरलेली लांबी आहे ते शोधले. डाव्या बाजूला चुंबक बराच वेळ चिकटेचना. चालकाच्या पायाशी, क्लचच्या खाली, डॉक्टरांच्या टाचेने पत्रा घासून कागदासारखा झाला होता. मिस्त्रीला तो सगळा कापून नवा घालायचा होता. वहिनींनी त्या जागेखालून पट्टी जोडायला लावली आणि वरचा झिजलेला पत्रा तसाच ठेवला. क्लचचे पेडलही तेच. बाकी ठिकाणी मात्र त्यांनी हट्ट केला नाही. मागची सगळी जमीन नवी आहे.

रंगाआधी एकदा बॉडी चॅसीवर नुसती बसवून पाहतात. तुकड्यांचा जागेवार हिशेब काढला, रबर नवे घातले, बोल्ट आधी सगळे हातानेच फिरवले आणि मग कोपऱ्याकोपऱ्याने आवळले. बॉनेट बसले. उजवीकडे एक पातळ पत्रा जास्त लागला, कारण डाव्या पट्टीचा मागचा भाग आता नवा आहे. मग पुन्हा उतरवली, रंगाला गेली, परत आली. कॅनव्हासचे छत अजून बाकी आहे. ते शिवणारा कारागीर वसईला असतो, आणि गणपती होईपर्यंत नव्या कामाला हात लावणार नाही म्हणतो.